लात्वियन भाषा: 'कुठे आहे?' विचारता येतं, पण उत्तरातला शब्द दर वेळी वेगळा का येतो?

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

नमस्कार मंडळी. रीगाला जायच्या आधी लात्वियनचा पाया कोल्हापुरातच पक्का करायचा आहे. पुस्तक इंग्रजीतून लिहिलेलं आहे, सोबत ऑडिओ आहे. प्रश्न विचारायला काही अडत नाही. 'कुर इर' म्हणजे 'कुठे आहे', पुढे वस्तूचं नाव लावलं की झालं. घोडं अडतंय ते उत्तरात.

टेबल म्हणजे 'गाल्द्स', पण उत्तरात 'उझ गाल्दा' येतं. दुकान म्हणजे 'वेय्काल्स', पण एका वाक्यात 'वेय्काला' आणि दुसऱ्यात 'उझ वेय्कालु'. 'उझ'चा अर्थ पुस्तकात एकदा 'वर' दिलाय, एकदा 'कडे'. 'रीगा' आणि 'रीगात' हे दोन्ही तर कानाला सारखेच लागतात. शिवाय 'कुर इर' आणि 'कुर आत्रुओदास' यात फरक काय? आणि रस्त्यात कुणी भराभर उत्तर दिलं तर त्यातलं नेमकं काय पकडायचं? जाणकारांनी जरा नीट उलगडून सांगा की.

व्याकरणाची_वही

आधी लिहायची पद्धत ठरवू, नाहीतर देवनागरीत अर्धा विषय हरवतो. तुमच्या 'वेय्काला'त तेच झालंय.

मराठीत अ आणि आ हे दोन वेगळे आवाज आहेत. लात्वियनमध्ये आवाज एकच, 'आ'चा. फरक फक्त किती वेळ धरायचा याचा. आखूड आ साधा लिहू आणि लांब आ पुढे अवग्रह देऊन, 'आऽ'. 'ए'चंही तसंच. इ-ई आणि उ-ऊ मात्र जसे लिहिलेत तसेच ऱ्हस्व-दीर्घ वाचा. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण सवयीने लांबवतो, ती सवय इथे बाजूला ठेवावी लागते.

आता मुख्य गोष्ट. 'रीगा' म्हणजे रीगा शहर. 'रीगाऽ' म्हणजे रीगात. मराठीतल्या 'त' प्रत्ययाचं सगळं काम त्या लांबवलेल्या स्वरावर आहे, वेगळा शब्द नाही, वेगळं अक्षर नाही. म्हणून कानाला दोन्ही सारखे लागतात. लात्वियन माणसाला ते 'घर' आणि 'घरात' इतके वेगळे ऐकू येतात. तुम्ही स्वर आखूड ठेवलात तर त्याला 'मी रीगा आहे' असं ऐकू जातं.

शेवट कसे बदलतात ते पाहा. रस्ता 'इएला', रस्त्यात 'इएलाऽ'. नदी 'उपे', नदीत 'उपेऽ'. दुकान 'वेय्काल्स', दुकानात 'वेय्कालाऽ'. कपाट 'स्कापिस', कपाटात 'स्कापी'. बाजार 'तिर्गुस', बाजारात 'तिर्गू'. किल्ला 'पिल्स', किल्ल्यात 'पिली'. म्हणजे 'स'ने संपणाऱ्या शब्दाचा शेवटचा 'स' जातो आणि जागेवर लांब स्वर येतो. अनेकवचनात लांब स्वरापुढे 'स' येतो: 'इएलाऽस' रस्त्यांत, 'उपेऽस' नद्यांत. 'स'कारान्त पुल्लिंगी शब्दांना 'उओस' लागतो: 'वेय्कालुओस' दुकानांत.

शब्दकोशात शोधताना हे उलटं करावं लागतं, आणि तिथे बरेच जण अडखळतात. शेवटी 'एऽ' असेल तर मूळ शब्द 'ए'कारान्त. 'ऊ' असेल तर 'उस'वाला. पण शेवटी 'आऽ' असेल तर मूळ शब्द 'आ'चाही असेल किंवा 'स'चाही. 'इएलाऽ'चं मूळ 'इएला', 'वेय्कालाऽ'चं मूळ 'वेय्काल्स'. दोन्हीकडे शोधा. 'ई' असेल तर 'इस' किंवा नुसता 'स', जसं 'स्कापिस' आणि 'पिल्स'.

एक जागा अशी आहे की मराठी माणसाला ती आपोआप कळते, आणि इंग्रजीतून शिकणाऱ्याला बराच वेळ समजावावी लागते. आपण 'घरात' आणि 'घरी' वेगळं म्हणतो. तसंच 'माऽयाऽ' म्हणजे घरात, त्या इमारतीच्या आत, आणि 'माऽयाऽस' म्हणजे घरी. आपण 'घरी आहे' आणि 'घरी जातो' दोन्हीकडे 'घरी'च म्हणतो ना? तेही दोन्हीकडे 'माऽयाऽस'च म्हणतात.

पंचगंगा_घाट

वहीताईंनी 'आत'चं सांगितलं. वर, खाली, मागे, शेजारी हे वेगळ्या शब्दांनी होतं, आणि ते शब्द नामाच्या आधी येतात. मराठीत 'टेबलावर', तिथे 'वर टेबला'. पण नामाचं रूप बदलायचं ही कल्पना आपल्याला नवी नाही, आपलं सामान्यरूप तेच करतं. आंबा, आंब्यावर. तसं 'स्कापिस', 'आय्झ स्काप्या' म्हणजे कपाटामागे. मऊ 'य' घुसतो तोही आपल्यासारखाच.

सगळ्यात जास्त शब्द षष्ठी मागतात: 'उझ' वर, 'झेम' खाली, 'पिए' जवळ, 'आय्झ' मागे, 'विर्स' वरच्या बाजूला न टेकता, 'नुओ' पासून. षष्ठीचे शेवट: 'गाल्द्स'चं 'गाल्दा', 'इएला'चं 'इएलास', 'उपे'चं 'उपेस'. एवढं पाठ केलं की घरातल्या वस्तूंची निम्मीअधिक उत्तरं जमतात. 'झेम गाल्दा', 'पिए लुओगा' खिडकीपाशी, 'आय्झ तिल्ता' पुलापलीकडे.

'उझ' दुहेरी आहे. षष्ठीबरोबर तो 'वर', द्वितीयेबरोबर 'कडे'. 'उझ गाल्दा' टेबलावर. 'उझ वेय्कालु' दुकानाकडे, दुकानाला. द्वितीयेचा शेवट बहुतेक ठिकाणी आखूड 'उ' असतो. म्हणून 'उझ' ऐकलं की तेवढ्यावर थांबू नका, पुढच्या शब्दाच्या शेवटाकडे कान द्या. 'आ' किंवा 'आस' असेल तर वस्तू तिथे आहे, 'उ' असेल तर कुणीतरी तिकडे निघालंय.

द्वितीया मागणारे आणखी: 'स्तार्प' मध्ये, 'गार' कडेकडेने, 'आप' भोवती. चतुर्थी मागणारे: 'ब्लाकुस' शेजारी, 'प्रेती' समोर, 'लीद्झ' पर्यंत. एका शहरावर सगळं बसवून ठेवा:

रीगाऽ: रीगात
उझ रीगु: रीगाला
नुओ रीगास: रीगाहून
लीद्झ रीगाय: रीगापर्यंत

आता अनेकवचन. तिथे हे सगळे शब्द एकाच विभक्तीत जमा होतात, चतुर्थीत. 'उझ गाल्दिएम' म्हणजे टेबलांवर आणि टेबलांकडेही. कोणतं ते क्रियापद सांगतं. नियम सोपा आहे, पण फसवतो कुठे ते बघा. काही शब्द कायम अनेकवचनीच असतात. दार त्यातलंच एक. 'दुर्विस' म्हणजे एकच दार, पण व्याकरणात अनेकवचन. म्हणून दारामागे 'आय्झ दुर्वीम', दारापाशी 'पिए दुर्वीम'. गावांची नावंसुद्धा अशी असतात. त्सेऽसिस या गावाला जायचं तर 'उझ त्सेऽसीम', त्सेऽसिसमध्ये असाल तर 'त्सेऽसीस'. मधला इकार लांबला एवढाच बदल. ताल्सि या गावाचं 'ताल्सुओस' आणि 'उझ ताल्सिएम'. गाडीच्या पाटीवर नाव एक आणि माणसाच्या तोंडी दुसरंच असं वाटलं, तर बहुतेक वेळा हेच कारण असतं.

'पिए'बद्दल थोडं जास्त. भिंतीवरचं चित्र 'उझ' नाही, 'पिए सिएनास'. छताला टांगलेला दिवा 'पिए ग्रिएस्तिएम'. डॉक्टरांकडे 'पिए आऽर्स्ता', मग तिथे असा किंवा तिकडे जात असा. आपल्या 'कडे'सारखंच. 'पिए' म्हणजे फक्त 'जवळ' असा अर्थ पाठ केला तर ही वाक्यं कधीच सुचणार नाहीत.

दसरा_चौक_दक्षिण

'कुर इर' आणि 'कुर आत्रुओदास' बद्दल. 'आत्रुओदास' म्हणजे 'वसलेलं आहे', इमारत, कचेरी, गाव यांच्यासाठी, जरा औपचारिक. 'कुर इर' सगळीकडे चालतं, वस्तूंनाही आणि जागांनाही. किल्ली हरवली तर 'कुर इर माना आत्स्लेऽगा?' किंवा 'कुर पालिका माना आत्स्लेऽगा?', म्हणजे 'कुठे गेली माझी किल्ली?'. 'इर' एकवचनाला आणि अनेकवचनाला एकच आहे. चष्मा तिकडे अनेकवचनी, तरी 'कुर इर मानास ब्रिलेस?'

अनोळखी माणसाला थेट 'कुर इर' करू नका. आधी 'आत्वाय्नुओयिएत' (माफ करा) किंवा 'साकिएत, लूद्झु' (सांगा ना). 'साकिएत' हे 'तुम्ही'चं रूप आहे, 'साकि' हे 'तू'चं. वडीलधाऱ्यांना आणि अनोळखी माणसांना 'तुम्ही'चंच रूप, आपल्यासारखंच. जागा आहे की नाही हेच माहीत नसेल तर 'कुर'ने सुरुवात न करता 'वाय'ने करा: 'वाय ते तुवुमाऽ इर आप्तिएका?' म्हणजे 'इथे जवळपास औषधाचं दुकान आहे का?' यातलं 'ते' म्हणजे इथे. मराठी कानाला ते 'तिथे'सारखं लागतं, सांभाळा. तिथे म्हणजे 'तुर'.

मजल्यांचं आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कचेरीत चुकीच्या दारात उभे राहाल. तिकडे तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, 'पिर्माय्स स्ताऽव्स'. 'उओत्रायाऽ स्ताऽवाऽ', दुसऱ्या मजल्यावर, असं सांगितलं तर आपल्या हिशेबाने एकच जिना चढायचा. मजल्याला 'उझ' लागत नाही, 'आत'चं रूप लागतं.

स्वच्छतागृहाच्या दारावर लात्वियन शब्दाचं नुसतं पहिलं अक्षर असतं. 'स'चं अक्षर बायकांसाठी ('सिएविएतेऽम'), 'व'चं पुरुषांसाठी ('वीरिएशिएम'). 'इएएया' आत जायचं दार, 'इझेया' बाहेर पडायचं.

तालीम_मागची_गल्ली

उत्तर ऐकण्याबद्दल. सगळं वाक्य समजून घ्यायच्या नादाला लागू नका. तीन गोष्टी पकडा: दिशा, खूण आणि अंतर.

दिशा: 'पा लाबि' उजवीकडे, 'पा क्रेय्सि' डावीकडे, 'ताय्स्नि' सरळ. 'लाबि' एकटा आला तर त्याचा अर्थ 'ठीक, बरं'. आधी 'पा' असेल तरच उजवीकडे. सांगणारा वाक्याच्या सुरुवातीला 'लाबि...' म्हणाला आणि ऐकणारा लगेच उजवीकडे वळला, ही चूक फार होते.

खूण: 'पिए लुक्सोफोरा' सिग्नलपाशी, 'आय्झ स्तूरा' कोपऱ्यापलीकडे, 'लीद्झ क्रुस्तुओयुमाम' चौकापर्यंत. अंतर: 'दिवास पिएतुरास' दोन थांबे, 'पिएत्सास मिनूतेस काऽयाऽम' पायी पाच मिनिटं. 'नेताऽलु' ऐकलं तर लांब नाही, 'ताऽलु' ऐकलं तर लांब.

मग जे ऐकलं ते परत म्हणून दाखवा: 'ताऽताद पा लाबि, या?' म्हणजे 'म्हणजे उजवीकडे, हो ना?' समोरचा हो म्हणेल किंवा दुरुस्त करेल. भरभर बोलला तर 'लूद्झु, लेऽनाऽक', जरा सावकाश. तरी नाही जमलं तर फोन पुढे करा: 'वाय वाराऽत पाराऽदीत कार्तेऽ?', नकाशावर दाखवाल का? नकाशालाही 'आत'चंच रूप, 'उझ' नाही.

उच्चारात आपण फायद्यात आहोत. तिकडचे 'त' आणि 'द' दातांना जीभ लावून, अगदी मराठी. इंग्रजीच्या सवयीने 'ट' आणि 'ड' करू नका. 'त्स' म्हणजे 'चमचा'मधला च, 'द्झ' म्हणजे 'जहाज'मधला ज. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. 'पाल्दिएस' (आभारी आहे) हा अपवाद, त्यात जोर 'दिएस'वर.

व्याकरणाची_वही

तालीमदादा, 'वाराऽत' नको. 'वारात', आखूड. 'वाय वारात पाराऽदीत कार्तेऽ?' बाकी सगळं बरोबर.

आणि माझ्याच वरच्या उत्तराला एक जोड. शेवटी 'आऽ' ऐकला की 'आत'च, असं धरू नका. विशेषणात तो 'अमुक तोच' असा निश्चितपणा दाखवतो. ट्रॅममध्ये 'नाऽकामाऽ पिएतुरा' ऐकू येतं, म्हणजे 'पुढचा थांबा'. इथे 'नाऽकामाऽ'चा आऽ सप्तमीचा नाही, कारण 'पिएतुरा' आखूडच आहे. 'पुढच्या थांब्यावर' हवं तर 'नाऽकामायाऽ पिएतुराऽ'. नामाचा शेवट पाहा, विशेषणाचा नव्हे.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरचाच नकाशा घेऊन वाक्यं केलीत. मंदिर 'तेम्प्लिस', तलाव 'एझेर्स', शहर 'पिल्सेऽता'. तपासून द्या.

१. एस एस्मु कोल्हाऽपुरा. (मी कोल्हापुरात आहे.)
२. पिल्सेऽता इर पिए उपे. (शहर नदीकाठी आहे.)
३. मान्दाप्स इर ब्लाकुस तेम्प्ल्या. (भवानी मंडप मंदिराशेजारी आहे.)
४. एझेर्स नाउ ताऽलु नुओ तेम्प्लिस. (रंकाळा मंदिरापासून लांब नाही.)
५. आप्तिएका इर स्तार्प बान्का उन वेय्काल्स. (औषधाचं दुकान बँक आणि दुकानाच्या मध्ये आहे.)
६. औतोबुस्स इर उझ स्तात्सियास. (बस स्टेशनला जाते.)
७. शेय्त नाउ आप्तिएका. (इथे औषधाचं दुकान नाही.)

पंचगंगा_घाट

१. 'कोल्हाऽपुराऽ', शेवट लांब. नावाला शेवटी 'आ' जोडलात ते योग्यच. जयपूरलाही ते 'द्झ्याय्पुरा'सारखं 'आ'कारान्त करतात, म्हणजे विभक्ती लावता येते.

२. 'पिए उपेस'. 'पिए' आला की षष्ठी.

३. 'ब्लाकुस तेम्प्लिम'. 'ब्लाकुस'ला चतुर्थी. तुम्ही मऊ षष्ठी लावलीत, ती खरं तर चौथ्या वाक्याला हवी होती.

४. 'एझेर्स नाउ ताऽलु नुओ तेम्प्ल्या'. इथे तुम्ही मूळ शब्द तसाच ठेवलात, एवढंच.

५. 'स्तार्प बान्कु उन वेय्कालु'. 'मध्ये' म्हटलं की दोन्ही नामं बदलतात. मराठीत आपण 'बँक आणि दुकानाच्या मध्ये' म्हणून पहिलं नाम तसंच ठेवतो, तिथूनच ही चूक येते.

६. हे वाक्य व्याकरणाने बरोबर आहे, पण त्याचा अर्थ 'बस स्टेशनच्या छपरावर आहे' असा होतो. जायचं असेल तर क्रियापदही बदला: 'औतोबुस्स ब्राउत्स उझ स्तात्सियु'.

७. 'शेय्त नाउ आप्तिएकास'. एखादी वस्तू मुळातच नाही असं सांगताना तिचं नाव षष्ठीत जातं. 'माझ्याकडे किल्ली आहे' हे 'मान इर आत्स्लेऽगा', आणि नसेल तर 'मान नाउ आत्स्लेऽगास'. पण चौथ्या वाक्यात तलाव आहेच, फक्त लांब नाही, म्हणून तिथे 'एझेर्स' प्रथमेतच राहिला. हे नकळत बरोबर आलंय, आता समजून घेऊन पक्कं करा.

दसरा_चौक_दक्षिण

शब्दांच्या क्रमाचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. 'ग्राऽमाता इर उझ गाल्दा' म्हणजे 'पुस्तक टेबलावर आहे', पुस्तक कुठे याचं उत्तर. 'उझ गाल्दा इर ग्राऽमाता' म्हणजे 'टेबलावर पुस्तक आहे', टेबलावर काय याचं उत्तर. नवी माहिती शेवटाकडे. मराठीत आपण नामांची हीच अदलाबदल करतो, फक्त 'आहे' शेवटी ठेवतो. वाक्य आधी मराठीत मनात आणा, 'आहे' उचलून मध्ये ठेवा. इंग्रजीवरून नेलं तर दोन्ही वाक्यांची गल्लत होते.

कुर-तुर, काद-ताद, त्सिक-तिक, काऽद्स-ताऽद्स या जोड्याही एका दमात पाठ होतात. कुठे-तिथे, केव्हा-तेव्हा, किती-तितका, कसा-तसा.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली

सातही वाक्यं सुधारून वहीत उतरवलीत. एकच शंका उरली. रीगात कुणाशी भेट ठरवायची, तर 'स्वातंत्र्य स्मारकापाशी' कसं म्हणायचं? स्मारक 'पिएमिनेक्लिस' आहे एवढं सापडलं.

व्याकरणाची_वही

'कुर सातिएकामिएस?' कुठे भेटायचं? उत्तर: 'पिए ब्रीवीबास पिएमिनेक्ल्या'. 'तेम्प्लिस'चं 'तेम्प्ल्या' झालं तसंच. १९३५ साली उभारलेलं, ४२ मीटर उंच, त्यामुळे लांबूनही दिसतं. बाजारात भेटायचं ठरलं तर मात्र 'पिए' नको, 'त्सेन्त्राऽल्तिर्गू' म्हणा. आणि मग कोणत्या भागात तेही विचारून घ्या. झेपेलिन विमानांच्या जुन्या कोठारांतून उभे केलेले ५ मोठे मंडप आहेत तिथे. नुसतं 'बाजारात' म्हटलं तर दोघं दोन मंडपांत उभे राहतील.